मावशीच्या नावाची चिठ्ठी

शाळेच्या चॅपलमध्ये सगळ्यांच्या हातात चिठ्ठी होती. गणिताच्या बाईंचा हात तेवढा रिकामा होता, आणि तो त्यांनी पर्सखाली लपवला होता.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी कपाळावर राख लावून झाली की या शाळेत एक परडी फिरायची. परडीत प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी, अगदी मुख्याध्यापिका सिस्टरांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत. ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी चाळीस दिवस रोज एक प्रार्थना म्हणायची, एक चांगलं काम करायचं आणि कुणापाशी ब्र काढायचा नाही. शेवटच्या गुरुवारी चॅपलमध्ये ती चिठ्ठी ज्याची त्याच्या हातात द्यायची, की झालं.

बाई तशा वाईट नव्हत्या हो. चहातली साखर त्यांनी खरोखरच सोडली होती, आणि सोडल्याचं शाळाभर सांगितलंही होतं. चॉकलेट सोडलं म्हणजे उपवास झाला असं समजू नका, मन वाकवायला शिका, असं त्या सातवीच्या मुलींना बजावत. पण यंदा पर्यवेक्षकाची जागा रिकामी होती, आणि सिस्टरांचं नाव आपल्यालाच येईल अशी आस त्या लावून बसल्या होत्या. चिठ्ठी उघडली, तर झाडलोट करणाऱ्या मावशीचं नाव! वर्गात आल्या आल्या बाईंनी ती फाडली आणि टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

नंतर मन खायला लागलं. गुडघ्यावर हात ठेवून मावशी जिना चढताना दिसली की बाई स्वतःला सांगत, उद्यापासून नक्की. तो उद्या काही उजाडला नाही. उलट चैन चालली होती ती बाईंचीच. सकाळी वर्गात यावं तर टेबल लख्ख पुसलेलं, पाण्याचा ग्लास भरून झाकून ठेवलेला, फळा इतका स्वच्छ की त्यावर पहिली आकृती काढायला जिवावर यावं. आपलं नाव कुणा गुणी मुलीला आलंय, हे बाईंनी केव्हाच ताडलं होतं. ते पाणी पिताना त्यांना लाज वाटायची. पण पाणी त्या प्यायच्याच.

आता प्रार्थना संपली होती आणि चॅपलभर चिठ्ठ्या या हातातून त्या हातात चालल्या होत्या. बाईंची चिठ्ठी घेऊन आले ते ग्रंथपाल सर. प्रार्थना रोज केली, पण काम एकही जमलं नाही, माफ करा, असं म्हणून ते खाली मान घालून निघून गेले. बाई बघतच राहिल्या. मग पाणी कोण ठेवत होतं?

विचार करायला सवड नव्हती. समोरून मावशी येत होती, लंगडत.

"मावशी, तुमचं नाव मलाच आलं होतं," त्या घाईघाईने म्हणाल्या. "रोज प्रार्थना केली तुमच्यासाठी. चिठ्ठी तेवढी घरी राहिली."

बोलून गेल्या, आणि देवाच्या दारात, तेही आजच्या दिवशी, आपण हे काय बोललो म्हणून त्यांचे कान तापले.

मावशीने आवाज खाली आणला. शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये, इतका.

"घरी नाही, बाई. पहिल्याच दिवशी केर काढताना तुमच्या डब्यात सापडली. चुकून पडली असेल. सिस्टर म्हणतात, या चिठ्ठीने दोघांची गाठ पडते. तुमच्याकडचं टोक सुटलं, म्हणून मी माझ्याकडून धरून ठेवलं. रोज तुमचा ग्लास भरायचा आणि एक प्रार्थना म्हणायची, एवढंच."

तिने मूठ उघडून चिठ्ठी बाईंच्या हातात सरकवली. मग आपला रिकामा हात पुढे केला.

"द्या आता मला. सिस्टर बघतायत."

बाईंनी चिठ्ठीकडे पाहिलं. चार तुकडे होते, पाठीमागून चिकटपट्टी लावून, काठाला काठ जुळवून जोडलेले.