नावावरची गाडी

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. त्यानं विकलेली गाडी एकाला धडक देऊन पळाली होती आणि ती अजून मूळ मालकाच्या, घड्याळवाल्या आजोबांच्याच नावावर होती. "नाव बदलायचं माझ्यावर सोडा," असं त्यानंच त्यांना सांगितलं होतं. आता 'ती गाडी मी घेतलीच नव्हती' म्हणायचं, हे त्यानं वाटेतच पक्कं केलं.

तो आत शिरताच बाकावरचे आजोबा लगबगीनं उठले. "बघा साहेब, म्हटलं नव्हतं? आले की नाही धावत!" मग त्याचा हात धरून हळूच म्हणाले, "माझ्यापायी तुम्हाला उगाच इथं यावं लागलं हो."

व्यापाऱ्याची मान खाली गेली. "साहेब, गाडी मीच विकली. नाव मी बदललं नाही."

आजोबांनी तरीही त्याचा हात सोडला नाही, आणि तेच त्याला सोसवेना.