मशीनवरची सवत

नवऱ्याची पहिली बायको वारली, पण गेली नाही. तिच्या शिलाई मशीनवर बसलं, की ती माझ्या कानात बोलू लागायची. "त्याला कॉलर सैल लागते. बाही आखूड कर." तिचं सगळं खरं निघायचं आणि माझा जळफळाट व्हायचा. मृतांचे आवाज ऐकू येणं ही देणगी असते म्हणे. मला मेली सवतच मिळाली! कानात कापूस कोंबून पाहिला, मशीन विकायलाही काढलं. आज नवरा चहाचा कप घेऊन आला, मशीनवर ठेवत म्हणाला, "दमलीस ना? गरमगरम घे." तो गेला. मग ती हळूच म्हणाली, "मला कधी पाणीसुद्धा विचारलं नाही गं त्यानं." म्हणजे जळणारी मी एकटीच नव्हते! डोळे मिटले आणि पहिल्यांदाच तिला आपणहून बोलावलं. "ये, पहिला घोट तुझा. माझ्या तोंडानं घे. जपून, भाजेल."