बॅटरीचं पाणी

हिंदुरावांनी बॅटरीची बुचं उघडली, आत डोकावून पाहिलं आणि मान हलवली.

"पाणी आटलंय की समदं. तुझ्या टाइपरायटरनं प्यालं."

"लॅपटॉप आहे तो, मामा."

"त्योच त्यो."

मायाला हसू आलं. आठवडाभर हेच चाललं होतं. पठारावरच्या रानफुलांवर तिला प्रबंध लिहायचा होता, आणि जवळपास विजेचा खांबसुद्धा नव्हता. कराडच्या सरांनी महिनाभरासाठी आपला लॅपटॉप दिला. सैन्यात ड्रायव्हरकी करून आलेल्या मामांनी आपल्या जुन्या मॅटेडोरमध्ये फळीची बाकं ठोकली, स्टोव्ह बसवला, पुढची सीट आणि मागचा संसार यांच्यामध्ये एक पडदा लावला आणि भाचीला घेऊन थेट पठारावर आले. लॅपटॉप गाडीच्या बॅटरीवर चार्ज व्हायचा. तो दोन तासांत मान टाकायचा, की पुन्हा इन्व्हर्टरची पेटी घूं करायला लागायची.

"खालच्या गॅरेजातनं बॅटरीचं पाणी आणतो," मामा म्हणाले. "गाडी नेली तर चिखलातनं परत वर चढायची न्हाई. चालतच जातो." मग त्यांनी बोट उगारलं. "आज ह्यो टाइपरायटर लावायचा न्हाई. अंधारलं की म्होरला दिवा लाव, आन मी येस्तवर जळू दे. धुकं उतरलं तर त्या घळीपाशी वाट सापडत न्हाई. दिवा दिसला की मी आलोच."

"लावते. नक्की."

"आन हाक आली तर?"

"तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. भुताला दोनच हाका मारता येतात," तिनं पाठ म्हणून दाखवलं. पहिल्याच संध्याकाळी मामांनी हा नियम घालून दिला होता. "विहारात अंधश्रद्धेवर भाषणं ठोकता, आणि इथं हे. मानता का हो खरंच?"

"मानत न्हाई," मामा बूट चढवत म्हणाले. "पर ओ बी देत न्हाई."

दुपार कलली तसं धुकं आलं. आधी पलीकडची झुडपं गेली, मग वाट गेली, मग गाडीच्या टपावर वाळत घातलेला टॉवेलही दिसेना. मायानं अंधार पडायची वाट पाहिली नाही. पुढचा दिवा लावला आणि आत येऊन बसली. हातात वही होती, पण लक्ष सगळं बाहेर. मामांचं वय झालं होतं, आणि आपल्या हट्टापायी ते ही घाटी चढत होते. तिला फार वाईट वाटत होतं.

पुढचं दार वाजलं. गाडी किंचित हलली.

"मामा?"

"आलो." पडद्याच्या फटीतून घोंगडं पांघरलेली पाठ दिसली. आवाज बसला होता. धुक्यातून चालून आल्यावर कुणाचाही बसेल.

तिचा जीव भांड्यात पडला. "चहा टाकते."

"नगं."

मामा आणि चहाला नाही म्हणतात, याची तिला गंमत वाटली. फारच दमले असावेत. एरवी दारातल्या पायरीवर बूट काढून ठेवायचे, तेही आज दिसले नाहीत. भिजतील म्हणून आत घेतले असतील.

"पाणी मिळालं का बॅटरीचं?"

"मिळालं. दिवा घालव आता. तुझं काम कर."

बटण त्यांच्या समोरच होतं. तरी तिनं पडद्यातून हात घातला, चाचपडत बटण शोधलं आणि दिवा घालवला. पुढची हवा बाहेरच्यापेक्षाही गार होती.

मग तिनं लॅपटॉप जोडला. पेटी घूं करू लागली, लॅपटॉपची स्क्रीन उजळली, आणि बऱ्याच दिवसांनी तिचं मन लिहिण्यात लागलं. मामा पुढं गप्प बसून होते. त्यांच्या असण्यानं तिला धीर वाटत होता.

"मायाऽ"

तिची बोटं थांबली. आवाज घळीच्या बाजूनं आला होता. वाऱ्यानं इतका फाटलेला, की बाईचा की पुरुषाचा तेही कळेना. तिनं पेटी बंद केली आणि कान दिले.

"मायाऽऽ"

ओ अगदी ओठांवर आली होती.

"ओ देऊ नगं," पुढून आवाज आला.

तिनं तोंडावर हात घट्ट धरला. तिसरी हाक येईल म्हणून ती कितीतरी वेळ तशीच बसली. वारा वाहत राहिला. तिसरी हाक काही आली नाही.

तिला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. "मामा, खरंच दोनच मारल्या हो," ती म्हणाली. पुढून उत्तर आलं नाही. डोळा लागला असेल म्हणून तिनं पुन्हा विचारलं नाही. लिहिता लिहिता ती तिथंच झोपी गेली.

जाग आली तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. पुढची सीट रिकामी होती. घोंगडं घेऊन मामा फिरायला गेले असणार. तिनं स्टोव्ह पेटवला आणि दोघांचा चहा टाकला.

आधण येतंय तोवर खालून माणसांचे आवाज आले. पुढं वाडीचा दूधवाला सयाजी होता. मागं चौघांनी घोंगड्याच्या झोळीत कुणाला तरी उचलून आणलं होतं.

"घळीत पडलं हुतं," सयाजी म्हणाला. "पाय मोडलाय. धारंला निघालो तवा कण्हणं ऐकू आलं."

माया धावत झोळीपाशी गेली. चिखलानं माखलेल्या मुठीत बॅटरीच्या पाण्याची बाटली होती. ती फुटलेली नव्हती. हिंदुरावांनी डोळे उघडले. आवाज पार गेला होता, म्हणून तिला त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

"दिव्याच्या धोरणानं येत हुतो गं. मदीच का घालवलास?"