जोडीचं कार्ड

गेम खेळायच्या कॉम्प्युटरमध्ये दुसरं ग्राफिक्स कार्ड टाकावं की नाही, हे माझं वर्षभर ठरत नव्हतं. पहिलं कार्ड मी आणि माझा मित्र ट्रेंटने एकाच दिवशी घेतलेलं, अगदी एकसारखं. इथे ऑस्ट्रेलियात, आमच्या कॅलगुर्ली गावच्या फुटी म्हणजे फुटबॉल क्लबात सगळे आपापले कॉम्प्युटर घेऊन खेळायला जमतात. तिथे सामानाची अदलाबदल नको, म्हणून त्याने आपल्या कार्डावर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका देऊन ठेवला होता.

"अरे म्हाताऱ्या, तुझं चित्र हलेपर्यंत मी मरून परत जिवंत होतो! टाक की दुसरं कार्ड!" शनिवारी खेळताना तो हेडफोनवर ओरडायचा. पण जोडीला तेच मॉडेल लागतं, आणि ते बाजारातून कधीच गेलं होतं.

खाणीतली नोकरी सुटल्यापासून ट्रेंटचं नेट दर शनिवारी नेमकं बंद पडायचं. "पुढच्या आठवड्यात येतो रे, नक्की," म्हणायचा. तो येईल तेव्हा त्याला चकित करावं, म्हणून मी जुन्या कॉम्प्युटर-सामानाच्या दुकानात तसलंच कार्ड सांगून ठेवलं. आज दुकानदाराचा फोन आला, "नशीबवान आहेस गड्या! कालच एक जण विकून गेला."

धावत जाऊन आणलं, घरी येऊन पिशवी उघडली.

 

कार्डाच्या कोपऱ्यावर लाल ठिपका होता.