तळ्यातल्या फळ्या

बांधाच्या अलीकडे मोठ्या जावेचं तळं, पलीकडे धाकटीचं. दोन वर्षं दोघींचा असा कडक अबोला, की टोमणेसुद्धा हवेलाच मारायच्या! माशांच्या अंगावरच्या उवा टणक जागा बघून अंडी घालतात, म्हणून मोठी तळ्यात लाकडी फळ्या सोडायची आणि दर आठवड्याला बाहेर काढून, उन्हात वाळवून, अंडी मारून टाकायची.

“काही जणींना तळ्यातसुद्धा फर्निचर लागतं बाई!” धाकटी हवेला सांगायची.

पण मोठीचे मासे तुकतुकीत, आणि हिचे उवांनी बेजार होऊन रोज दोन-चार मरत होते. फळ्यांचं गुपित विचारायला गेलं तर नाक खाली! शेवटी एका दुपारी मोठीने अंड्यांनी लगडलेल्या ओल्या फळ्या बांधावर टाकल्या आणि ती घराकडे वळली, तोच धाकटीने त्यातल्या चार उचलून धपाधप आपल्या तळ्यात सोडल्या.

आवाजाने मोठीने मागे पाहिलं. “थांब!” अगदी ओठांवर आलं होतं तिच्या. तिने ते गिळलं.



मग दोन वर्षांत पहिल्यांदाच ती धाकटीशी बोलली, आणि तेही किती गोड: “अगं, या दोन राहिल्या की! याही ने ना.”