रुखवतातलं नाव

श्रुतिकाने कात्री धाग्याला टेकवली आणि तशीच धरून ठेवली. एकच धागा कापायचा होता. पण क्रोशाचं काम मोठं बेइमान! चुकीच्या जागी कापलं की शेजारची घरं भराभर सुटत जातात आणि मधोमध भगदाड पडतं.

"काप ना वो पोरी, दुपारून येतात ते लोक," मैनाबाई दारातून म्हणाली. तिचा एक डोळा रस्त्यावर, एक रुमालावर.

"तू बोलूच नोको, माय. तूच मिरवला त्याईच्यासमोर."

खोटं नव्हतं ते. मुलगी पाहायला पाहुणे आले, तेव्हा मैनाबाईला राहवलं नाही. रुखवतात मांडायचा मोरांचा रुमाल तिने पेटीतून काढून दाखवला, पण घडी न मोडता. घडीच्या आत नावं विणलेली होती, श्रुतिका आणि लोकेश. लोकेशशी जमलेलं लग्न मोडलं होतं. आता गजेंद्रशी ठरलं होतं, आणि आधीची गोष्ट त्याच्या घरी कुणीच सांगितली नव्हती. वर्षभर डोळे फोडून केलेलं काम फेकवत नव्हतं, म्हणून रुमाल तसाच पेटीत पडून होता. आज सकाळी मध्य प्रदेशातल्या भरवेलीहून गजेंद्रच्या आईचा, तुळसाबाईचा फोन आला, "तो मोराचा रुमाल उलगडून पाहाचा आहे मले. येऊन राह्यलो आमी."

श्रुतिकाने डोळे मिटले आणि धागा कापला. लोकेश उसवून तिच्या मांडीवर आला. उघडी पडलेली घरं तिने जीव मुठीत धरून एकेक सुईवर उचलली. लोकेशच्या जागेत गजेंद्र मावेना. अक्षरं दाटीवाटीने बसवली. एवढं करून पाहते तर काय, पेटीत पिवळटलेल्या रुमालावर नवा धागा लख्ख पांढरा चमकत होता.

मैनाबाईने कपाळावर हात मारला. मग बिनदुधाचा चहा उकळला, त्यात कापूस बुडवून नाव रंगवलं, वर इस्त्री फिरवली. रंग जमला, पण वास राहिला.

"गॅसवर चहाच ठेवते," ती म्हणाली. "घरभर वास सुटला म्हणजे कोणाले काय समजते!"

तेवढ्यात मोटरसायकल थांबली. गजेंद्र बाहेरच्या खोलीत बसला. तुळसाबाई सरळ आत आली. भुवईवर जुनी खोक होती तिच्या, त्यामुळे तिची नजर कायम रागावल्यासारखी वाटायची. तिने रुमाल पलंगावर पसरला. मोरांवरून हात फिरवत फिरवत ती नावापाशी आली आणि थांबली. वाकून तिने वास घेतला.

श्रुतिकाच्या मनात आलं, हेही लग्न मोडलं तर माय हाय खाईल, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

"चहा?" तुळसाबाईने विचारलं.

"हौ हौ, ठेवला आहे ना!" मैनाबाई घाईघाईने म्हणाली आणि स्वयंपाकघरात पळाली.

तुळसाबाईने नखाने एक अक्षर खरवडलं. नख पाहिलं.

"मम्मी, दिखाओ ना हमको भी," बाहेरून गजेंद्रचा आवाज आला. खुर्ची सरकली.

तुळसाबाईने झटकन नाव आत घेऊन घडी घातली. "मांडवात पाहजो! आत्ताच काहून पाहतो?" ती मोठ्याने म्हणाली. खुर्ची पुन्हा सरकली. मग तिने श्रुतिकाचं मनगट धरलं आणि दाराकडे बघत, भुवईवरच्या खोकेला बोट लावून अगदी हळू आवाजात म्हणाली,

"धुशीन तवा गजेंद्रच्या पुढं वाळत घालू नोको, पोरी. चहा पाण्यात निघून जाते. माह्या रुमालातलं बदललेलं नाव असंच त्याच्या बापाले दिसलतं."