भट्टीजवळचा लॅपटॉप

लॅपटॉप पुन्हा बंद पडला, आणि तोही नेमका भट्टी उतरत असताना. आतल्या पंख्याने एक लांब सुस्कारा सोडला, पडदा काळा झाला आणि भट्टीच्या कोपऱ्याकोपऱ्यातलं तापमान दाखवणारी रेघ जिथल्या तिथे तुटली. तिने त्याच्या पोटाखाली हात घातला आणि चटका बसताच मागे घेतला.

“झोपला वाटतं तुमचा,” गारठा म्हणाला.

भट्टीत गाड्या ढकलणाऱ्या या माणसाचं खरं नाव फक्त हजेरी घेणाऱ्याला ठाऊक असावं. जन्म भट्टीपाशी काढलेल्या माणसाला सगळ्यांनी मिळून हे नाव ठेवलं होतं.

“झोपला नाही, तापलाय.”

“मग ओल्या फडक्याने पुसू का? पोरांना पुसतो तसं?”

“हात लावू नका!” ती कडाडली. मग तिलाच वाईट वाटलं आणि तिने त्याच्या हातात एक पुठ्ठा दिला. “लांबून वारा घाला त्याला. जोरात.”

कारखाना वॉशबेसिनांचा होता आणि ती तिथली रसायनतज्ज्ञ. भट्टी चढवणं, म्हणजे तापवणं, सोपं. उतरवताना, म्हणजे निववताना, जरा घाई झाली, की बेसिनांना केसासारखे तडे जातात. म्हणून त्या रेघेवर नजर ठेवायची. पण रेघच तुटत होती आणि त्यापायी ही धरून दोन भट्ट्या वाया गेल्या होत्या. तिसरी गेली तर हे काम बाहेरच्या कंपनीला देऊन टाकू, असं मालकांनी चारचौघांत सांगितलं होतं. म्हणजे तिला नारळ.

खरेदीच्या साहेबांपुढे तिने दोन लॅपटॉपांची माहिती ठेवली होती. एक स्वस्त, एक महाग.

“दोन्हीतला प्रोसेसर एकच,” साहेब म्हणाले. “मग दुप्पट पैसे कशाचे?”

“थंड राहण्याचे. महागड्याला पंखे मोठे आहेत, उष्णता बाहेर काढायला जागा आहे. स्वस्तातला तापला की आधी मंदावतो, मग बंद पडतो. कागदावरचा वेग हातात पडतच नाही.”

“माझ्याकडे तोच आहे. माझा कधी तापत नाही. दुकानदाराने याच टेबलावर तासभर चालवून दाखवलाय.”

“या खोलीत लोणीसुद्धा वितळायचं नाही, साहेब.”

साहेबांनी अर्ध्या बाह्यांचा स्वेटर खाली ओढला. “लेखी द्या,” ते म्हणाले.

तिने लेखी दिलं. भट्टीजवळच्या टेबलापाशी तापमापक टांगून आठवडाभर नोंदी घेतल्या. आलेख जोडले. पस्तीस अंशांच्या पुढे कामाचा वेग घसरतो, चुका वाढतात आणि सतत अशा उष्णतेत ठेवल्यास आयुष्य कमी होतं, असं मुद्देसूद लिहिलं. अर्ज परत आला. वर शेरा होता, ‘कारण पुरेसे नाही.’

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच वर गेली.

“साहेब, खाली चला. काही करू नका. नुसते उभे राहा.”

साहेब आले. भट्टीच्या दारापाशी पोचेपर्यंत स्वेटर त्यांच्या हातात आला होता. टेबलाशी उभं राहून त्यांनी रुमालाने मान पुसली, चष्मा पुसला, पुन्हा मान पुसली. गारठा लॅपटॉपला वारा घालत होता. त्याच्या कोपरावरून घाम टेबलावर ठिबकत होता. “यंत्रावर नको, जरा मागे व्हा,” तिने त्याला सांगितलं.

साहेबांनी लॅपटॉपला बोट लावलं आणि चटकन काढलं.

“अरेरे,” ते म्हणाले. “काय हाल आहेत हो बिचाऱ्याचे! इथे कसा टिकणार तो?”

महागडा लॅपटॉप तरीही मिळाला नाही. संगणकांसाठी ठरलेल्या रकमेत तो बसत नव्हता. बांधकामाच्या रकमेत मात्र भट्टीसमोर काचेची केबिन बसत होती, एसीसकट. महागड्या लॅपटॉपच्या कितीतरी पट खर्च होता तो. असले हिशेब करणाऱ्यांपुढे डोकं आपटून घ्यावं, असं तिला वाटलं. केबिन झाली. एक टेबल आणि एक खुर्ची मावेल एवढी. आत स्वस्तातला नवा लॅपटॉप आला आणि दारावर पाटी लागली, ‘यंत्र चालू आहे. दार उघडे ठेवू नये.’

तिसरी भट्टी उतरायला लागली. बाहेर धग होती. आत तिने खांद्यांवरून ओढणी घट्ट लपेटून घेतली होती. लॅपटॉपचा पंखा ऐकूही येत नव्हता. रेघ संथपणे खाली येत होती, कुठेही न तुटता. कित्येक दिवसांनी तिने पाठ खुर्चीला टेकली.

तेवढ्यात समोरची भट्टी दिसेनाशी झाली.

गारठा आणि गाडीवरचे दोघे काचेला पाठ लावून उभे होते. अगदी चिकटून. एकाने तर तोंड वळवून गालही लावला होता. भट्टीच्या दारावरचा दिवा तिला दिसेना. तिने आतून काच वाजवली. कोणी हललं नाही. तिने पुन्हा वाजवली. शेवटी ती उठली आणि तिने दार उघडलं. गरम हवेचा लोट तिच्या तोंडावर आला.

“काय चाललंय हे? मला भट्टी दिसत नाहीये! टेकायला दुसरी जागा नाही का तुम्हाला?”

तिघेही दचकून बाजूला झाले. गारठ्याच्या पाठीचा ओला ठसा काचेवर उमटला होता. तो त्याने घाईघाईने बाहीने पुसला.

“टेकलो नव्हतो, मॅडम,” तो म्हणाला. “काच गार लागते.”